मानमोडीचे साल

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात लाल फडक्यांत बांधून ठेवलेली जी जुनी दप्तरे असतात, त्यांत गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या सापडतात. महसुली भाषेत हा गाव नमुना १४. लोकांच्या तोंडी त्याला कोतवाल बुक असे नाव आहे, आणि हल्ली जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांचा शोध घेणाऱ्यांखेरीज त्या दप्तरांच्या गाठी सहसा कोणी सोडीत नाही. इंग्रजी अमदानीत गावकामगाराने मृत्यूची खबर लिहून घ्यावी, ती तालुक्याला कळवावी, तालुक्याने जिल्ह्याला आणि जिल्ह्याने इलाख्याच्या आरोग्य खात्याला धाडावी, असा शिरस्ता होता. आणि मरणाच्या कारणांचे वर्गही सरकारने आगाऊ आखून दिलेले होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार-आमांश, श्वासाचे विकार, इजा, आणि या कशातच न बसणारी इतर कारणे. १९१८ च्या आश्विन महिन्यात अहमदनगर जिल्ह्यात जो रोग माणसे नेत होता, त्याच्यासाठी या पत्रकात रकानाच नव्हता. मुंबईचे डॉक्टर त्याला इन्फ्लुएंझा म्हणत होते, युरोपातील वृत्तपत्रे स्पॅनिश ताप म्हणत होती, आणि आमच्या खेड्यांतील माणूस त्याला मानमोडी म्हणत होता, कारण दुखण्याची पहिली खूण हीच असे की धडधाकट माणसाला मान वर धरवेनाशी होई. लिहिणाऱ्यापुढे मात्र 'ताप' हा एकच जवळचा शब्द होता, आणि त्या शब्दाखाली तो नावामागून नाव लिहीत गेला.

त्या एका शब्दाच्या पोटात काय काय दडले होते, ते आज सांगता येते. त्या वेळी जगातील कोणाही विद्वानाला सांगता आले नसते.

१९१८ हे महायुद्धाचे पाचवे वर्ष. युद्ध युरोपात होते म्हणून ते नगरपासून दूर होते असे समजणे चुकीचे ठरेल. नगर हे जुने लष्करी ठाणे. युद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना पकडून आणून ज्या छावण्यांत नजरकैदेत ठेवले, त्यांत नगरची छावणी प्रमुख होती. दख्खनच्या खेड्यांतील तरुण बसऱ्याला आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढत होते, त्यांना नेणारी आणि जखमींना परत आणणारी जहाजे मुंबईच्या गोदीला लागत होती, आणि त्या जहाजांसाठी धान्य, चारा, जनावरे असे सारे काही देशातून ओढले जात असल्यामुळे बाजारात जोंदळ्या-बाजरीचे भाव साथीच्या आधीच चढलेले होते. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतातल्या एका लष्करी तळावर १९१८ च्या मार्चमध्ये शेकडो शिपाई एकाएकी तापाने पडले, आणि हा रोग सैन्याच्या पावलांनी अटलांटिक ओलांडून गेला. लढणाऱ्या राष्ट्रांनी आपापल्या वृत्तपत्रांची तोंडे बांधलेली होती. स्पेन युद्धात नव्हता, तेथील वृत्तपत्रांनी खरे ते छापले, आणि खरे बोलण्याचे बक्षीस म्हणून रोगाला त्या देशाचे नाव चिकटले.

मुंबईत १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले; त्यांतला एक बंदरावर पहाऱ्याला होता. तो ताप हिवतापाचा नव्हता. पाठोपाठ गोदीचे कामगार, पोस्टाचे नोकर, गिरणीतील मजूर अशी एकेक वस्ती आजारी पडत गेली. महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे म्हणणे असे की, मेअखेरीस बंदराला लागलेल्या जहाजाने हा रोग आणला. सरकारी वैद्यक खात्याला हे मान्य नव्हते, आणि शहराची अस्वच्छताच याच्या मुळाशी आहे, असा त्या खात्याचा रोख होता. जहाज की शहर, या वादात जून सरला आणि जुलैत रोगही ओसरला. तीन दिवसांचा ताप, अंगदुखी, मग बरे वाटणे: पहिल्या फेरीचा सर्वसाधारण प्रकार हा होता, आणि त्यामुळे लोकांना आणि अधिकाऱ्यांनाही सुटलो असे वाटले.

इकडे देशावर निराळेच संकट आकार घेत होते. नगर जिल्हा सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत पडलेला. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कोसळतो आणि तेथून पूर्वेला, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, शेवगाव या बाजूला यावे तसतसा तो हात आखडता घेतो. प्रवरेवर भंडारदऱ्याला धरणाचे काम १९१० पासून चालू होते, परंतु ते पुरे व्हायला १९२६ उजाडायचे होते. १८९६ चा आणि त्यामागून तीनच वर्षांनी, विक्रम संवत १९५६ मध्ये आलेला छप्पनचा असे दोन दुष्काळ ज्यांनी पाहिले होते, ती माणसे अजून कर्ती होती. १९१८ साली नैर्ऋत्य मोसमी पावसाने ऐन हंगामात ओढ दिली; हिंदुस्थानच्या पर्जन्यमानाच्या इतिहासात हे साल अत्यंत कोरड्या सालांपैकी एक म्हणून नोंदले गेले आहे. बाजरी हातची गेली. रब्बीच्या जोंदळ्यासाठी जमिनीत ओल नव्हती. कडबा संपत आला, विहिरींचे तळ दिसू लागले, आणि ज्या घरांत वर्षाचे धान्य कणगीत असायचे तेथे आठवड्याच्या बाजाराला शेरा-पायलीने दाणे आणण्याची वेळ आली. रोग आला तो अशा घरांत आला, ही गोष्ट पुढचा सर्व भाग वाचताना मनात धरून ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

सप्टेंबरात मुंबईला रोगाची दुसरी फेरी सुरू झाली आणि ती पहिलीसारखी राहिली नाही. ऑगस्टच्या अखेरीस आफ्रिकेतील फ्रीटाउन, फ्रान्समधील ब्रेस्ट आणि अमेरिकेतील बॉस्टन या तिन्ही बंदरांत जवळजवळ एकाच सुमारास अधिक घातक रूपाने तो उठला होता, आणि जहाजांच्या वाटेने तो पुन्हा मुंबईत उतरला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. चाळीत राहणाऱ्या मजुराने अशा वेळी काय करावे? त्याने पूर्वी प्लेगच्या वर्षी जे केले होते तेच केले: बोचके बांधले आणि गावची गाडी धरली.

दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ पासून नगर जिल्ह्याच्या मधून दक्षिणोत्तर जातो. विसापूर, नगर, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव ही त्यावरील स्थानके म्हणजे प्रत्येकी वीस-पंचवीस खेड्यांचे दरवाजे होते. डब्यात दाटीवाटीने बसलेल्या माणसांपैकी एखाद्याला मनमाडला किंवा दौंडला गाडी बदलताना फक्त अंग मोडून आल्यासारखे वाटत असावे. स्थानकावर उतरून बैलगाडीने किंवा पायी गावाला पोहोचेपर्यंत त्याला ताप भरे, घरची माणसे भोवती जमत, शेजारीपाजारी मुंबईची खबर विचारायला येत, आणि दोन-तीन दिवसांत विचारपूस करणारी सर्व घरे अंथरुणाला खिळत. एका माणसापासून दुसऱ्याला व्हायला आणि त्याच्यापासून तिसऱ्याला पोहोचायला या रोगाला प्रत्येक वेळी अवघे दोन-तीन दिवस पुरत होते. पटकी विहिरीच्या पाण्याने पसरते, प्लेगला उंदीर आणि पिसवा लागतात. याला मात्र एकमेकांजवळ बसलेली माणसे एवढीच सामग्री पुरेशी होती.

त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला आला, आणि मोहरमची दहावी तारीखही त्याच सुमारास. नगर शहराचा मोहरम साऱ्या दख्खनमध्ये प्रसिद्ध, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघांचाही भाग. सोने वाटण्याचा सण आणि सवाऱ्यांचा सण असे दोन्ही एका आठवड्यात जुळून आले. त्याच दसऱ्याच्या दिवशी तेव्हाच्या कोपरगाव तालुक्यातील शिर्डी या लहानशा गावी साईबाबांचे देहावसान झाले. चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की सप्टेंबरच्या अखेरीस त्यांना दोन-तीन दिवस ताप येऊन गेला होता आणि नंतर शक्ती क्षीण होत गेली. त्या तापाचा या साथीशी संबंध जोडायला आधार नाही, आणि मी तो जोडीत नाही. परंतु भोवतालच्या खेड्यापाड्यांतून लोक ज्या आठवड्यात शिर्डीकडे धावले, तो आठवडा इलाख्यातील साथीच्या ऐन भराचा होता, एवढे पंचांग आणि मृत्युपत्रक शेजारी ठेवून पाहिले की ध्यानात येते.

आता एका घरात जाऊ. हे घर कोणते एक नाही. त्या महिन्यातील शेकडो घरांची तऱ्हा येथे एकत्र केली आहे. दोन खणांचे माळवदी घर, एकच दार, खिडकी नाही. ऑक्टोबरात दिवसा ऊन चटका देते आणि पहाटे गारठा पडतो, म्हणून रात्री दार लावून सारे कुटुंब एका घोंगडीआड निजते. पहिल्या दिवशी कर्त्या पुरुषाला हुडहुडी भरते, पाठ आणि मान फुटू लागते. दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त येते आणि ज्या बाईने त्याच्या कपाळावर ओले फडके ठेवले, तिलाही थंडी वाजू लागते. तिसऱ्या दिवशी मुले. चूल पेटत नाही. रांजणातले पाणी संपते, आणि विहिरीवरून घागर आणण्याइतके बळ कोणात उरत नाही. गोठ्यात बांधलेले जनावर दिवसभर हंबरते, ते सोडायला कोणी उठत नाही. शेजारचे दार वाजवावे, तर तेथेही हेच. पाचव्या-सहाव्या दिवशी ज्यांचा ताप उतरायचा त्यांचा उतरतो. ज्यांच्या छातीत दुखणे उतरले त्यांचा श्वास घरघरू लागतो, ओठ आणि कानाच्या पाळ्या निळ्या पडतात, आणि मग फार वेळ लागत नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे जाणार, हे त्या काळच्या साथींचे ठरलेले होते. या साथीने विशीपासून चाळिशीपर्यंतची माणसे उचलली. नांगर धरणारी, मोट हाकणारी आणि अंगावर पाजणारी.

हे कोणी केले? डोळ्यांना न दिसणाऱ्या, त्या काळच्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या एका वस्तूने. तिचा व्यास मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. माणसाच्या केसाच्या जाडीत असे जवळजवळ हजार कण ओळीने मावतील. जिवाणू स्वतः अन्न घेतो, वाढतो आणि दुभंगून दोन होतो. विषाणूला यांतले काहीही येत नाही. त्याच्यापाशी असतो फक्त एक मजकूर, आपल्यासारखे दुसरे कण कसे बनवावेत याचा. इन्फ्लुएंझाच्या विषाणूत हा मजकूर आरएनए नावाच्या रसायनाच्या आठ तुकड्यांत लिहिलेला आहे, त्याभोवती प्रथिनांचे कवच आहे आणि त्यावर स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण. आवरणावर दोन प्रकारच्या प्रथिनांची कणसे उभी असतात. पहिले प्रथिन, हीमॅग्लुटिनिन, घसा आणि श्वासनलिका यांच्या आतील पेशींवर असलेली एक विशिष्ट शर्करा ओळखून तिला चिकटते. पेशी त्या पाहुण्याला आत घेते, त्याचे आवरण गळते, मजकूर पेशीच्या केंद्रकात पोहोचतो, आणि मग पेशी स्वतःची कामे सोडून त्या मजकुराच्या नकला काढीत बसते. काही तासांतच नवे कण पृष्ठभागावर येतात. तेथे दुसरे प्रथिन, न्यूरामिनिडेज, त्यांना पेशीपासून कापून मोकळे करते. एका खोकल्यासरशी त्यांतले असंख्य कण थेंबांवर बसून हवेत जातात. आणि माणसाला आपण आजारी आहोत हे कळण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो इतरांना रोग देऊ लागलेला असतो. रोगी ओळखून त्याला बाजूला काढण्याचा उपाय या रोगापुढे तोकडा पडतो, त्याचे कारण हेच. शिवाय नकला काढताना चुका होतात, आणि त्या चुकांतूनच आवरणावरील प्रथिनांचे रूप वरचेवर पालटते, म्हणून मागच्या वर्षी रोगाशी झुंजलेले शरीर पुढच्या वर्षी त्याला नीट ओळखीत नाही.

त्या काळी यांतले काहीच ठाऊक नव्हते. फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये सांगितलेला एक जिवाणू इन्फ्लुएंझाचे कारण होय, असे बहुतेक डॉक्टर मानीत होते आणि त्याच जिवाणूपासून लसीही बनविल्या गेल्या. त्या जिवाणूने इन्फ्लुएंझा होतच नसल्यामुळे त्या लसींनी तो थांबणे शक्यच नव्हते. मात्र त्याच ऑक्टोबरात ट्यूनिसमध्ये निकोल आणि लबेली या दोन फ्रेंच संशोधकांनी रोग्याच्या कफाचे पाणी जिवाणू अडवून धरणाऱ्या गाळणीतून गाळले, आणि त्या गाळलेल्या पाण्यानेही रोग होतो असे दाखविले. जिवाणूहून सूक्ष्म असे काहीतरी यात आहे, हे त्यांना कळले होते. पण जगाला ते ऐकायला सवड नव्हती.

सरकारने काय केले, असा प्रश्न साहजिक आहे. वीस वर्षांपूर्वी प्लेगच्या वेळी सरकारने फार केले होते: १८९७ चा साथरोग कायदा, घरांत शिरणारे गोरे सोल्जर, विलगीकरणाच्या छावण्या, आणि त्याची परिणती म्हणून पुण्यात २२ जून १८९७ रोजी झालेला प्लेग अधिकारी रँडवरचा हल्ला. तो धडा राज्यकर्ते विसरले नव्हते. १९१८ मध्ये जबरदस्ती झाली नाही. परंतु जबरदस्ती गेली तिच्याबरोबर शुश्रूषाही गेली, आणि हे मी या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठे अपयश समजतो. लष्करी वैद्यक सेवेतील डॉक्टर युद्धावर होते. तालुक्याच्या गावी एखादा दवाखाना, बाकी खेडी रामभरोसे. उघड्या हवेत निजावे, गर्दी टाळावी, अशा सूचना निघाल्या आणि त्या चुकीच्या नव्हत्या. मोकळ्या हवेत या रोगाचा प्रसार कमी होतो हे आज सिद्ध आहे. पण कार्तिकाच्या थंडीत, पांघरुणाला एक घोंगडी असलेल्या उपाशी माणसाने अंगणात निजावे कसे, याचे उत्तर त्या सूचनांत नव्हते. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक चाळीचाळींतून औषध, दूध आणि पेज घेऊन फिरले. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनने शतकाच्या आरंभी उभारलेले रुग्णालय होते. खेड्यात माणसाला माणूस एवढाच आधार, आणि साथीचा वेग असा की तो आधारही एकदमच आडवा झाला.

लोकांनी आपल्यापरीने केले. प्लेगने त्यांना गाव सोडून रानात झोपड्या घालायला शिकविले होते. उंदीर पडू लागले की गाव मळ्यात जाई, आणि त्याने जीव वाचत. पण तेच शहाणपण शहरातून गावाकडे पळणाऱ्याच्या बाबतीत उलटले. त्याने मुंबई मागे टाकली आणि रोग छातीत घेऊन तो गावात आला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या रोगाचे वाहन आपण स्वतःच आहोत, तो त्याच्या अनुभवात पूर्वी कधी आलेलाच नव्हता.

नोव्हेंबरच्या आरंभी दिवाळी आली, ११ तारखेला युद्ध थांबले, आणि डिसेंबरपर्यंत इलाख्यातील साथ विझत आली. मग मोजदाद सुरू झाली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेल्याचा अंदाज निघाला. सबंध हिंदुस्थानासाठी सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी प्रथम साठ लाखांचा आकडा दिला. पुढच्या अभ्यासकांनी शिरगणतीचे आकडे तपासून तो सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत नेला. जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात या साथीने एवढी माणसे नेली नाहीत.

मुंबई शहराच्या आकड्यांत एक तक्ता आहे, तो वाचून माझे मन आजही अस्वस्थ होते. साथीतील मृत्यूचे प्रमाण हजारी किती, ते त्यात समाजवार दिले आहे: युरोपियनांत आठ, पारशांत नऊ, मुसलमानांत आणि इतर हिंदूंत एकोणीसच्या आसपास, आणि ज्यांना सरकारी भाषेत खालच्या जातीचे हिंदू म्हटले त्यांच्यात एकसष्टांहून अधिक. विषाणूला जात दिसत नाही, मलबार हिल आणि माझगाव यांतला भेदही कळत नाही; हीमॅग्लुटिनिनला ओळखता येणारी शर्करा सर्वांच्या घशात एकच असते. मग आठाचे एकसष्ट कशाने झाले? एका खोलीत निजणाऱ्या माणसांच्या संख्येने, रोजची मजुरी बुडाली की चूल विझते या हिशेबाने, आणि तापात पडलेल्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला कोणी उरले नाही त्याने. या साथीत बहुतेकांचा अंत विषाणूने दुबळ्या केलेल्या फुप्फुसांत मागाहून शिरलेल्या जिवाणूंमुळे, म्हणजे न्यूमोनियाने झाला, असे आधुनिक वैद्यकाचे मत आहे. त्या न्यूमोनियावर १९१८ मध्ये औषध नव्हते. पेनिसिलीनचा शोधही अजून दहा वर्षे दूर होता. पण विसावा, ऊब, पाणी आणि पातळ अन्न हेही औषधच होते, आणि ते ज्यांना मिळाले त्यांच्यात मरण कमी झाले. इलाख्यात पुरुषांहून स्त्रिया अधिक मेल्या, याचा अर्थही याच दिशेने लावावा लागतो: घरात शेवटी जेवणारी तीच, दुखणाइतांची उस्तवार करणारी तीच, आणि ती पडली की तिची उस्तवार करायला कोणी नाही.

नगर जिल्ह्याची १९११ ची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. १९२१ च्या शिरगणतीत ती सव्वासात लाखांच्या आसपास भरली. दहा वर्षांत पाच माणसांमागे एकाहून अधिक माणूस नाहीसा झाला. ही सगळी तूट मानमोडीची आहे असे मात्र समजू नये. १९१८ च्या अवर्षणामागून १९२० सालीही पाऊस रुसला, आणि मार्च १९२१ मध्ये शिरगणतीचा कारकून दाराशी आला तेव्हा कितीतरी कुटुंबे पोटामागे मुंबईला आणि इतरत्र गेलेली होती. गेलेले आणि मेलेले यांचा वेगवेगळा हिशेब त्या आकड्यांत नाही. पण साथ आणि दुष्काळ हे दोन वेगळे शत्रू होते असे मानणेही मला पटत नाही. दुष्काळाने खंगवलेल्या शरीरात रोग बळावला. रोगाने कर्ती माणसे नेल्यामुळे जी काही थोडी ओल होती तिच्यावरही पेरायला हात उरले नाहीत. आणि न पेरलेल्या रानाने पुढच्या उन्हाळ्याची उपासमार वाढविली. आजच्या भारताच्या हद्दीत १९०१ पासूनच्या शिरगणतींत लोकसंख्या घटलेले दशक १९११ ते १९२१ हे एकच. आणि त्या घटीतला नगरचा वाटा फार जड आहे. जिल्ह्याचा आकडा १९११ च्या पुढे गेलेला दिसतो तो १९३१ मध्ये.

रोगाचे कारण हाती लागायला पंधरा वर्षे गेली. १९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रोग्याच्या घशातील गाळलेला द्रव फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्याच्या नाकात घालून माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम वेगळा केला. पुढे एक फेरेट तेथील एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यालाही तोच ताप आला, तेव्हा उरलासुरला संशय फिटला. १९१८ चा मूळ विषाणू मात्र मिळाला तो अलास्कातील बर्फाखालच्या कबरीत. ब्रेविग मिशन या वस्तीतील ऐंशी प्रौढांपैकी बहात्तर माणसे नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच दिवसांत मेली होती; योहान हुल्टिन याने १९५१ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ती कबर उघडून फुप्फुसाचे नमुने मिळविले, आणि २००५ पर्यंत टॉबेनबर्गर व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या आठही तुकड्यांतला मजकूर वाचून काढला. नगरपासून तीन तासांच्या वाटेवर पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. २००९ मध्ये एच१एन१ याच वंशातला विषाणू पुण्यात पसरला तेव्हा नमुने तपासायला दूर जावे लागले नाही.

आणि मग २०२० साल आले. विषाणू निराळ्या कुळातला, पण वाट तीच: श्वासाची. पुन्हा मुंबई-पुण्याहून माणसे गावांकडे निघाली. या वेळी गावांना रोगाची रीत ठाऊक होती. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे गावचे नेते पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पथके घरोघर फिरली, लक्षण दिसताच माणूस वेगळा ठेवला गेला, आणि २०२१ च्या मे महिन्यात, दुसरी लाट देशभर थैमान घालीत असताना, गाव कोरोनामुक्त झाले. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने कोरोनामुक्त गावांची स्पर्धा जाहीर केली. पारनेर तालुक्यातील भाळवणीला लोकवर्गणीवर हजाराहून अधिक खाटांचे केंद्र चालले. औषधाइतकेच तेथे जेवण, पाणी आणि धीर यांचे मोल होते. त्याच जिल्ह्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये, राज्य मोकळे होत असताना, ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. एका गावाने केलेले शहाणपण शेजारच्या गावाला आपोआप मिळत नाही. पण लस होती, प्राणवायू होता, आणि पत्रकात या वेळी रोगाच्या नावाचा रकाना होता.

मानमोडीने नेलेल्यांसाठी नगर जिल्ह्यात मला कोठे स्तंभ किंवा शिलालेख दिसला नाही. त्यांची नावे आहेत ती फक्त त्या लाल फडक्यांत, पुष्कळशी मोडी अक्षरांत, झिजत चाललेल्या कागदावर. दाखल्यासाठी पणजोबांचे नाव शोधायला जे कोणी तहसील कचेरीत जातील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: हवे ते नाव सापडल्यावर दप्तराची गाठ लगेच बांधू नका. १९१८ ची वही असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने उघडा, मोडी येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत घ्या, आणि 'ताप' या शब्दासमोर लिहिलेली आपल्या गावची नावे एकदा उतरून घ्या.